बंदूक खाली आहे

आमच्या घरात एका शब्दाला बंदी आहे. शिवी नाही, अगदी साधा शब्द आहे: खाली. जिन्यावरून खाली उतरा, भाजी खाली लागली, शेजारी खालच्या मजल्यावर राहतात, हे सगळं चालतं. फक्त 'बंदूक खाली आहे' असं म्हणायचं नाही. बायकोनं ही बंदी घातली त्याला तेवीस वर्षं झाली आणि मी ती मुकाट्यानं पाळतो. मुकाट्यानं म्हणजे अधूनमधून कुरकुर करत.

आधी घरात बंदूक का, ते सांगायला हवं. मी गनमॅन आहे. सतरा वर्षं फौजेत काढली, हवालदार होऊन बाहेर पडलो आणि स्वतःच्या लायसनवर बारा बोरची जुनी दुनळी घेऊन नोकरीला लागलो. लोकांना वाटतं बंदूक दुकानाची असते आणि माणूस नुसता धरून उभा असतो. तसं नसतं. गनमॅनला काम मिळतं ते त्याच्या बंदुकीसकट. लायसन माझ्या नावावर, म्हणून बंदूक माझ्या गळ्यात. सकाळी ती माझ्याबरोबर भाईंदर पश्चिमेच्या सोन्याच्या दुकानात जाते, संध्याकाळी माझ्याबरोबर खारीगावातल्या आमच्या घरी परत येते. रिक्षात बसलो की कॅनव्हासच्या पिशवीकडे बघून कुणी ना कुणी विचारतंच, "चाचा, गिटार है क्या?" मी हो म्हणतो. एकदा एकानं वाजवून दाखवा म्हणून हट्ट धरला, तेव्हापासून मी मच्छरदाणीचे रॉड आहेत असं सांगतो.

पौर्णिमेला आम्ही विहारात जातो. तिथं पहिलंच शील म्हणायचं ते प्राण्याचा जीव घेणार नाही असं. मी ते खणखणीत आवाजात म्हणतो आणि बायको शेजारी बसून माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघते. तेवीस वर्षांत मी बंदुकीतून एक गोळी झाडलेली नाही. घरात जी एक सुटली, ती तिच्या हातून सुटली. अर्थात तिचं म्हणणं आहे की ती माझ्या तोंडातून सुटली.

त्याचं असं झालं. तेव्हा आम्ही राई गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. खोली एकच होती. एका भिंतीला लोखंडी खाट, खाटेखाली गोधड्यांची पत्र्याची पेटी. लेक तीन वर्षांची होती आणि त्या संध्याकाळी खाटेवर झोपली होती. मी ड्युटीवरून आलो, फार घाईची लागली होती, म्हणून बंदूक तशीच भरलेली खाटेखाली सरकवली आणि आधी जाऊन यावं म्हणून निघालो. बायकोनं विचारलं, "बंदूक कुठाय?" मी दारातून ओरडलो, "खाली आहे!"

मी मराठीत बोललो होतो. तिनं हिंदीत ऐकलं.

हिंदीत खाली म्हणजे रिकामी. फौजेत बंदूक भरायचा हुकूम 'भर' आणि रिकामी करायचा हुकूम 'खाली कर'. सतरा वर्षं तेच कानात बसलेलं, म्हणून बंदुकीचं काही बोलायचं झालं की माझी जीभ आपोआप हिंदीत जायची. रोज घरी आलो की मी "खाली केली" असंच म्हणायचो. ती बिचारी ठाण्याच्या चाळीत सगळ्या भाषांत वाढलेली, तिला हे सरावाचं होतं. त्या दिवशी नेमकं मला शुद्ध मराठी सुचलं.

बंदूक रिकामी आहे असं समजून तिनं खाटेखालचा केर काढायला ती दस्त्याकडून धरून बाहेर ओढली. जुन्या दुनळीला घोडे, म्हणजे काडतुसावर आपटणारे हातोडे, बाहेर असतात. एक घोडा खाटेच्या लोखंडी पट्टीला अडकला, मागे ताणला गेला आणि सुटला.

मी धावत आलो तेव्हा खोलीत धूर होता. लेक खाटेवर उठून बसली होती आणि रडत नव्हती, नुसती बघत होती. सगळे छर्रे तिच्या पाठीखालून, दीड वितीवरून, पेटीत घुसले होते. पेटीत सात गोधड्या होत्या, त्यांनी ते पोटात घेतले. बाहेर दिवाळीचे फटाके वाजत होते, म्हणून गल्लीत कुणाला काही वेगळं वाटलं नाही. फक्त शेजारच्या घरमालकीण म्हातारीनं खिडकीतून हाक दिली, "काय फुटला गो? कोनाला लागला त न्हाय ना?"

"कुकरची शिट्टी उडाली, आजी," बायको म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की मलाही क्षणभर खरं वाटलं. मग तिनं खिडकी लावली, लेकीला उचललं, आणि तिला घेऊन कोपऱ्यात बसली. मला त्या वेळी जी भीती वाटली तशी सीमेवर कधी वाटली नव्हती.

आम्ही हे कुणाला सांगितलं नाही. लेकीलाही नाही. पेटीला भोक पडलं होतं, ते गंजानं पडलं असं ती समजते. गोधड्या धुताना पुढे कित्येक वर्षं छर्रे निघत राहिले. बायको ते वेचून मुकाट्यानं कचऱ्यात टाकायची आणि त्या दिवशी माझ्याशी बोलायची नाही.

चूक कुणाची, यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही. मी म्हणतो, मराठी माणसानं मराठी घरात मराठी शब्द वापरला. ती म्हणते, भरलेली बंदूक ठेवलीच कशाला. यावर मी पुन्हा भाषेचाच मुद्दा लावून धरतो.

तेव्हापासून तिनं रीत घातली. मी घरी आलो की उंबरठ्याबाहेर थांबायचं. दुनळी मोडायची, म्हणजे बिजागरीवर उघडायची. मग ती मागच्या बाजूनं दोन्ही नळ्यांतून जिन्यातल्या दिव्याकडे बघते. दोन गोल उजेड दिसले की "दिसला" म्हणते आणि बाजूला होते. मग मी आत. काडतुसं तिच्या हातात, ती तिच्या कुलपात. ताप असो, पाहुणे असोत, उजेड बघितल्याशिवाय बंदूक आत आलेली नाही. निवडणुका लागल्या की लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तेवढे दिवस मी तसाच घरात शिरतो आणि तिला दारात काही तरी चुकल्यासारखं होतं, हे तिनंच मला सांगितलंय.

मागल्या वर्षी दुनळीनं मान टाकली. बिजागरी ढिली झाली होती, नळ्या आतून खडबडीत. तपासणाऱ्या कारागिरानं नळीत एकदा डोकावलं आणि म्हणाला, "काका, हिच्यातून बार काढू नका. समोरच्याआधी तुम्ही जाल." दुकानाच्या शेठला मी हे सांगितलं तर त्याला आनंदच झाला. त्याला ती दुनळी कधी आवडलीच नव्हती.

"देखो फौजी," शेठ म्हणाला, "अपना गन तो मेरे दादाजी के टाइम का लगता है. सामनेवाले के पास देखा? मॅगझिनवाला. कस्टमर अंदर आने से पहले दो मिनट उसी को देखता है. तुम भी वैसा ही लो."

सामनेवाला म्हणजे रस्त्यापलीकडचं दुसरं सोन्याचं दुकान. तिथला गनमॅन तिशीतला, काळा चष्मा लावणारा. त्याच्या बंदुकीला पोटाखाली चौकोनी काळं मॅगझिन लोंबतं आणि ती दिसते भारी, हे मलाही मान्य करावं लागतं. शेठनं दिवाळीच्या आधी नवीन बंदूक आण म्हणून सांगितलं. नाही तर एजन्सीचा माणूस ठेवतो, हे त्यानं हसत हसत सांगितलं, पण सांगितलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला बंदुकीशिवाय कोण उभं करणार? फार तर सोसायटीच्या गेटवर शिट्टी आणि दंडुका.

घरी येऊन बायकोला हे सांगितलं तेव्हा ती पोळ्या करत होती. तिनं एकच विचारलं, "तिच्यातून उजेड दिसतो का?"

"नव्या बंदुका मोडत नाहीत," मी म्हणालो. "त्यांना पुढचा दस्ता मागेपुढे ओढायचा असतो. पंप म्हणतात."

"म्हणजे दिसत नाही."

"अगं, दुसऱ्या पद्धतीनं बघता येतं."

"अहो, लेक येतेय पुढच्या महिन्यात," ती म्हणाली. पोळी तव्यावर होती आणि तिनं ती उलटली नाही. "बाळंतपणाला. त्याच खाटेवर झोपणार ती. बाळ तिथंच असणार. मला दिसल्याशिवाय बंदूक आत येणार नाही. मग तुमची नोकरी राहो नाहीतर जावो."

पोळी करपली. ती तिनं माझ्या ताटात वाढली.

आता पेच असा होता. नोकरी पाहिजे तर बंदूक पाहिजे, बंदूक पाहिजे तर ती शेठला पसंत पडली पाहिजे आणि बायकोला रिकामी दिसली पाहिजे. या दोघांना एका बंदुकीत बसवणं हे कुठल्याही लायसनवर लिहिलेलं काम नव्हतं.

माझं मत म्हणाल तर मी मॅगझिनच्या बाजूनं झुकलो होतो. कारण माझा अंगठा. साध्या पंपात काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक अंगठ्यानं ढकलायची असतात, आतली स्प्रिंग विरोध करते, आणि माझ्या उजव्या अंगठ्याचं पेर दोन वर्षांपासून सुजतं. गार पाण्यात हात घातला तरी कळ येते. मॅगझिन आरामात टेबलावर बसून भरता येतं आणि खट्‌कन लावता येतं. शिवाय फौजेतल्या रायफलला मॅगझिनच होतं. ते माझ्या हाताच्या ओळखीचं होतं. बायकोला मी सांगितलंही, "मॅगझिनवाली तुझ्यासाठी बरी. एक कळ दाबली की सगळी काडतुसं एकदम बाहेर. तुझ्या हातात देऊन टाकीन. मोकळी."

"मी येते बघायला," ती म्हणाली.

ती शाळेच्या बसवर मावशी आहे. तिच्या कामाचा आणि तिच्या स्वभावाचा मला नीट अंदाज यायला हवा होता, पण तीस वर्षांच्या संसारात माणूस हेच विसरतो. बस शाळेच्या मैदानात लागली, मुलं उतरली, ड्रायव्हर म्हणाला की बस रिकामी, तरी ती शेवटच्या सीटपर्यंत जाऊन वाकून बघते. "ड्रायव्हरला आरशात दिसतं तेवढंच दिसतं," असं ती म्हणते. एकदा तिला मागच्या सीटखाली दप्तर उशाला घेऊन झोपलेली पोर सापडली होती.

तर शनिवारी आम्ही दोघं मुंबईतल्या एका जुन्या बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकानदार सत्तरीचा, अंगात स्वेटर, ऑक्टोबरच्या उकाड्यात. बायका अशा दुकानात येत नसाव्यात, कारण त्यानं तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि चहा सांगितला. मग काउंटरवर हिरवा कपडा अंथरून त्यानं दोन्ही बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही पंप, दोन्ही बारा बोर. एकीची काडतुसं नळीखालच्या नळीत, दुसरीची पोटातल्या मॅगझिनमध्ये. हाताळून बघायला त्यानं आठ डमी काडतुसं काढून दिली, लाल प्लास्टिकची, आत दारू नसलेली.

मी आधी साधा पंप घेतला. चार डमी अंगठ्यानं ढकलल्या. तिसरीला अंगठ्यातून अशी कळ गेली की मी तोंडातल्या तोंडात फौजी हिंदीत काहीतरी बोललो. दस्ता मागेपुढे ओढून एक काडतूस वर नळीत चढवलं.

"अब खाली करके देखो," दुकानदार म्हणाला.

हा शब्द ऐकताच बायकोनं चहाचा कप खाली ठेवला. मी बाजूची कळ दाबत दस्ता ओढत गेलो आणि एक-एक करून चारही डमी काउंटरवर पडल्या. चौथी घरंगळत फरशीवर गेली, ती तिनं उचलून कपड्यावर ठेवली.

मग मॅगझिनवाली. चार डमी मी बोटांनी सहज भरल्या, अंगठ्याला धक्कासुद्धा नाही. मॅगझिन खट्‌कन बसवलं, दस्ता ओढला, एक वर चढवलं. खांद्याला लावली तेव्हा मला पंचविशीतला मी आठवलो. समोरच्या कपाटाच्या काचेत स्वतःकडे बघितलंही. मग रुबाबात कळ दाबली, मॅगझिन माझ्या तळहातात पडलं, ते तिच्यासमोर ठेवलं आणि बंदूक कपड्यावर आडवी केली.

"झाली," मी म्हणालो. "बघ किती सोपं."

"बढिया है," दुकानदार म्हणाला. "खाली है."

तिनं मॅगझिन हातात घेतलं. त्याच्या बाजूला एक लांबट खिडकी होती, आतली काडतुसं दिसावीत म्हणून. तिनं चष्मा लावला आणि खिडकीतून बघितलं.

"तुम्ही चार घातली होती," ती म्हणाली.

"हो मग?"

"यात तीन आहेत. चौथं कुठाय?"

मला राग आला. खरं सांगतो, आधी रागच आला. दुकानदारासमोर, सतरा वर्षांच्या नोकरीसमोर, बसवरची मावशी मला काडतुसं मोजून दाखवतेय. "अगं असेल तिथंच," मी म्हणालो, "तुला दिसत नसेल." आणि तेवढं बोलून होईपर्यंत चौथं कुठं आहे ते मला कळलं. मी कळ दाबून दस्ता मागे ओढला. लाल डमी टुणकन उडाली, काउंटरच्या काचेवर आपटली आणि तिच्या कपापाशी जाऊन थांबली.

दुकानदारानं स्वेटरची बाही सारखी केली.

फौजेत हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मॅगझिन काढा, मग दोन-तीनदा ओढा, मग आत बघा. मॅगझिन काढल्यानं बंदूक रिकामी होत नाही, जे वर चढलंय ते तिथंच राहतं. हे मला पाठ होतं. उस्ताद रोज विचारायचा आणि चुकणाऱ्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचा. पण तेवीस वर्षं दुनळी मोडून उजेड दाखवण्यात गेली आणि ते बोटांतून निघून गेलं. मॅगझिन हातात आलं की मन म्हणतं, झालं. मोठी वस्तू बाहेर आली, आता आत काय राहणार? साधा पंप असं म्हणू देत नाही. त्याची सगळी काडतुसं ओढून ओढूनच काढावी लागतात, आणि ओढलं की वरचं आधी निघतं. आळस करायला जागाच नाही.

बायकोनं ती चौथी डमी उचलली, मॅगझिनशेजारी उभी केली आणि माझ्याकडे बघितलं. ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली नाही. तिचे डोळे भरले होते. "अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नाही करत, ते मला माहितीय. तेव्हाही नव्हतं केलं."

तेवीस वर्षांत ती हे पहिल्यांदा म्हणाली. मला इतकी लाज वाटली की मी दुकानदाराला उगाच नळीची लांबी विचारली.

साधा पंप घेतला. परतताना तिला म्हणालो की भाषेचा मुद्दा मी सोडला. ती म्हणाली, "कशाला सोडताय? तो बरोबरच होता. पण त्यानं काय होतं?"

लायसनवर नोंद, पोलीस ठाण्यात चकरा, हे सगळं उरकून बंदूक हातात आली तेव्हा दिवाळी आठवड्यावर होती. शेठनं ती बघून तोंड वाकडं केलं. "ये तो वही पुराना टाइप है. इसमें मॅगझिन किधर है?"

"अंदर है," मी म्हणालो. "दिखता नहीं."

"दिखता नहीं तो लिया क्यों?"

त्याला काय सांगणार? मी सांगितलं की माझा हात हिच्यावर बसलाय. त्यानं मला काढलं नाही, एवढं त्याचं भलं होवो. पण दारात एजन्सीचा मॅगझिनवाला आणून उभा केला आणि मला आतल्या जिन्यापाशी, तिजोरीच्या खोलीबाहेर बसवलं. तिथं पंखा नाही आणि गिऱ्हाईक दिसत नाही. पहिले काही दिवस मला फार अपमान वाटला. अकरा वर्षं मी त्या दारात उभा होतो, येणाऱ्या बायका मला नमस्कार करायच्या. आता मी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. पगार तोच आहे, म्हणून गप्प आहे.

उरला प्रश्न उजेडाचा. नवीन बंदूक घेऊन पहिल्यांदा उंबरठ्यावर उभा राहिलो, दस्ता ओढून काडतुसं तिच्या हातात दिली, तिनं मोजली, तरी ती बाजूला होईना. तेव्हा मला फौजेतली एक गोष्ट आठवली. परेडला साहेब नळी तपासायचा तेव्हा जवान मागच्या उघड्या जागेत अंगठ्याचं नख धरायचा. नखावर पडलेला उजेड नळीतून पुढे दिसतो, आणि साहेब पुढून डोकावून बघतो. मी जिन्यातल्या दिव्याखाली सरकलो, दस्ता मागे ओढून ठेवला, आणि दुखरा अंगठा बाजूच्या खिडकीतून आत, काडतूस बसतं त्या तोंडाशी घातला.

"आता पुढून बघ."

"पुढून?" ती दोन पावलं मागे सरली. नळीच्या तोंडात बघणं म्हणजे काय, ते तिला सांगायची गरज नव्हती.

"माझा अंगठा आत आहे," मी म्हणालो. "काडतूस असतं तर तो गेला नसता. आणि बार उडालाच तर आधी माझा अंगठा जाईल."

तिनं आधी माझा अंगठा खरंच आत आहे ना, ते बाजूनं बघितलं. मग पदर सावरून वाकली आणि एका डोळ्यानं बघितलं. "नख दिसतंय," ती म्हणाली. "किती वाढवलंय. कापा ते." आणि बाजूला झाली.

लेक आली. तिला मुलगी झाली. बायकोनं पेटीतली सगळ्यात जुनी गोधडी काढली, कारण धुऊन धुऊन ती तलम झाली होती, आणि खाटेवर नातीखाली अंथरली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी संध्याकाळी आलो, दारात नख दाखवलं, बंदूक कपाटात ठेवली. आत लेक खाटेवर बसून गोधडीची शिवण चाचपत होती.

"आई, यात काहीतरी टोचतंय," ती म्हणाली. नखानं दोरा उसवून तिनं ते बाहेर काढलं. तळहातावर एक काळसर दाणा होता, मोहरीपेक्षा थोडा मोठा. "हे काय आहे?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. या वेळी कुकरची शिट्टी उडाली असं ती म्हणाली नाही. सांगायचं काम माझं होतं.

"छर्रा आहे," मी म्हणालो. "बंदुकीचा."

"आपल्या? गोधडीत कसा आला?"

"तू तीन वर्षांची होतीस. याच खाटेवर झोपली होतीस. तुझ्या खाली गेला."

तो शब्द मी उच्चारला आणि कुणी मला अडवलं नाही. लेकीनं आधी छर्‍याकडे बघितलं, मग वाकून खाटेखाली, जिथं ती पेटी अजून होती आणि तिचं गंजाचं भोकही होतं. मग तिनं बाळाला उचलून आईच्या हातात दिलं. मी तिला सगळं सांगितलं, मराठी-हिंदीसकट, काही न वगळता. ती रडली नाही. लहानपणी बघितलं होतं तशीच बघत होती.

"बंदूक आणा, बाबा," ती म्हणाली. "मलाही बघायचंय."

मी कपाटातून बंदूक काढली. आम्ही दोघं बाहेर जिन्यात गेलो, दिव्याखाली. दस्ता मागे ओढला, अंगठा आत घातला. ती वाकली आणि नळीत डोळा लावून बघत राहिली, तिच्या आईपेक्षा कितीतरी जास्त वेळ. अंगठ्याचं पेर ठणकायला लागलं होतं. मी तो तसाच ठेवला.